भांडायला समोर कोणीतरी हवं

पेन्शनसाठी काकीचा अंगठा काही केल्या उठेना. वेंगुर्ल्याकडच्या एका काजू कारखान्यात तिची तीसेक वर्षं बी फोडण्यात गेली. काजूच्या टरफलात जो चीक असतो तो कातडी जाळतो. बायका हाताला राख फासून, तेल लावून कामाला बसतात, तरी बोटांची सालं निघायची ती निघतातच. काकीची बोटं आता पुळणीवरच्या गोट्यांसारखी गुळगुळीत झालीत. माझ्या दुकानातल्या यंत्राच्या काचेवर तिने उजवा अंगठा ठेवला, मग डावा, मग एकेक करून सगळी बोटं. मी काच पुसली, तिने हात पदराला पुसले. स्क्रीनवर दर खेपेला तेच लाल अक्षरांतलं वाक्य येत राहिलं, की माहिती जुळत नाही.

"सरकाराक सांग, मी अजून मरूक नाय," काकी म्हणाली.

"काकी, सांगू कोणाक? हय कोण बसलो नाय."

तिने यंत्राकडे जरा वेळ बघितलं, मग त्याच्यावर नखाने टकटक केलं. "मगे ह्यो डबो कोणाचो?"

एसटी स्टँडसमोर झेरॉक्स काढून देण्याचं आणि ऑनलाइन फॉर्म भरून देण्याचं माझं दुकान आहे. दाखले, सातबारा, पेन्शन, शिष्यवृत्ती, बोटीच्या डिझेलचे कागद, सगळं इथूनच जातं. सरकार आणि माणूस यांच्या मधल्या त्या डब्यापुढे मी दिवसाचे आठ-दहा तास बसतो. म्हणून या विषयावर दोन शब्द बोलायचा मला थोडाफार हक्क आहे, असं मी समजतो.

विषय निघाला तो पुतण्यामुळे. तो पुण्यात इंजिनिअरिंगला आहे. गणपतीला येतो तेव्हा पडवीत आडवा होऊन मोबाईलवर इंग्रजी कादंबऱ्या वाचतो, आणि त्यातल्या बहुतेक एकाच जातीच्या. भविष्यातलं एखादं शहर. भोवती उंच भिंत. माणसांना नावाऐवजी आकडे. खाणं मोजून, लग्न विचारून, बोलणं ऐकून. मग एक पोरगी किंवा पोरगा शहाणा होतो, पळतो, जंगलात बंडखोरांना मिळतो आणि शेवटी राजवाडा जळतो. अशा गोष्टींना डिस्टोपिया म्हणतात, हे त्यानेच मला सांगितलं. रामराज्याची उलटी बाजू, एवढं मी समजून घेतलं. मी त्याला म्हटलं, बाबा, पळून जंगलात जायची सोय तुमच्या त्या शहरवाल्यांना. आमच्याकडे जंगलच पळून शेतात आलंय. माकडांनी नारळ ठेवलेले नाहीत आणि गव्यांनी भात.

तो हसला, पण त्याने विचारलेला प्रश्न मात्र डोक्यात राहिला. "काका, आपल्याकडे असं राज्य येऊ शकतं का?"

त्याच्या कादंबऱ्यांनी त्याला धास्ती घातली आहे ती सगळं पाहणाऱ्या डोळ्याची. 1949 साली आलेल्या जॉर्ज ऑर्वेलच्या '1984' पासून हीच प्रतिमा चालत आलीय. भिंतीवरचा मोठा चेहरा, तो तुमच्याकडे बघतोय, तुमच्या मनातलंही त्याला कळतं. मला त्या डोळ्याची भीती वाटत नाही असं नाही. पण दुकानात बसून मला जे दिसतं ते वेगळं आहे. काकीकडे कोणी बघत नव्हतं, हीच तर तिची अडचण होती. यंत्राला ती दिसली नाही आणि तरी यंत्राने निकाल दिला. नजर ठेवणाऱ्या सत्तेपेक्षा, जिच्याशी भांडताच येत नाही ती सत्ता माणसाला जास्त लवकर संपवते, असं माझं म्हणणं आहे. आणि आपल्या मराठी विज्ञानकथेने भविष्यातलं वाईट राज्य रंगवायचं मनावर घेतलं, तर ते या बाजूने रंगवावं.

कोकणी माणूस भांडकुदळ, हे सगळ्या महाराष्ट्राला पाठ आहे. हातभर बांधासाठी तीन पिढ्या कोर्टात जातात, फणसाच्या झाडाच्या एका फांदीवरून सख्खे भाऊ बोलेनासे होतात. चेष्टा करणाऱ्यांनी खुशाल करावी. पण या खोडीत एक गोष्ट गृहीत धरलेली असते, ती म्हणजे समोर कोणीतरी आहे आणि त्याला आपलं ऐकून घ्यावं लागणार आहे. आमच्याकडे देवालासुद्धा यातून सुटका नाही. देवळात गाऱ्हाणं घालतात तेव्हा गावकर "बा देवा म्हाराजा" म्हणून सुरुवात करतो आणि देवाला रीतसर बजावतो, की हा तुझा लेकरू, याचं अमुक अडलंय, तुझ्या पायाशी आलाय, आता मार्ग काढ. प्रत्येक वाक्याला लोक "व्हय म्हाराजा" म्हणून साक्ष भरतात. मूर्तीला पाकळ्या लावून कौल घेतात. उजवी पडली तर एक, डावी पडली तर दुसरं. आणि कौल मनासारखा आला नाही तर? प्रश्न जरा वेगळ्या शब्दांत घालून पुन्हा लावतात. अपिलाची सोय देवाने ठेवलीय. ही सगळी श्रद्धा खरी की खोटी हा निराळा वाद झाला. माझं लक्ष तिच्यातल्या व्यवस्थेकडे आहे.

या किनाऱ्याने कठोर राज्यं पाहिली नाहीत असं कोणी म्हणू नये. सोळाव्या शतकात पोर्तुगीज आले आणि त्यांनी समुद्रावरच परवाना बसवला. कार्ताझ म्हणत त्याला. तो जवळ नसलेलं जहाज दिसलं की धरायचं. ज्या पाण्यावर आजोबा-पणजोबा विचारल्याशिवाय ये-जा करत होते, त्या पाण्यावर अचानक कागद लागायला लागला. पुढे कान्होजी आंग्र्यांच्या आरमाराने स्वतःची दस्तकं, म्हणजे परवाने, चालवली. समुद्र कोणाचा, हे भांडण कागदावरच्या शिक्क्यांनी खेळलं गेलं.

इंग्रजांचा तर रत्नागिरीवर विशेष लोभ. माणूस मारायचा नाही, नुसता गप्प बसवायचा, तर त्याला रत्नागिरीत आणून ठेवावं. ब्रह्मदेशचा शेवटचा राजा थिबा 1886 मध्ये इथे आणला गेला आणि 1916 मध्ये इथेच वारला. टेकडीवरचा थिबा पॅलेस त्याच्यासाठी 1910 मध्ये तयार झाला. राजवाडा, नोकरचाकर, तनखा, समुद्राचा वारा आणि देखरेखीला पोलीस अधिकारी. सावरकरांनाही 1924 पासून 1937 पर्यंत जिल्ह्याबाहेर जायचं नाही आणि राजकारणात पडायचं नाही या अटींवर याच जिल्ह्यात ठेवलं होतं. मला थिब्याची गोष्ट फार दिवस खुपतेय, कारण तिच्यात एक टोक जुळतं. थिब्याचं राज्य खालसा करून इंग्रजांनी तिथे जी पोलीस यंत्रणा उभी केली, तिच्यात 1922 ते 1927 अशी पाच वर्षं नोकरी केली ती ऑर्वेलने. जन्म त्याचा बिहारात, मोतिहारीचा. वडील अफू खात्यात. सगळ्या जगाला हुकूमशाहीचं चित्र दाखवणारा माणूस ते चित्र रंगवण्याआधी स्वतः अशा राज्याच्या गणवेशात उभा होता. म्हणजे हा डिस्टोपिया लंडनच्या धुक्यात जन्माला आला असं धरून चालायला नको. त्याची एक मुळी रंगूनकडे जाते, आणि तिचीच एक फांदी रत्नागिरीच्या टेकडीवर येते.

डिस्टोपिया हा शब्ददेखील गमतीचा आहे. 1868 मध्ये इंग्रज विचारवंत जॉन स्टुअर्ट मिलने ब्रिटिश पार्लमेंटात तो वापरला तेव्हा चर्चा भविष्याची नव्हती, आयर्लंडची होती, आणि सरकारच्या तिथल्या जमिनीच्या धोरणावर तो टीका करत होता. कुळ आणि जमीनदार! हे वाचलं तेव्हा मी खुर्चीतून उठलोच. अहो, मग हा शब्द आमचाच झाला की.

कारण खोती म्हणजे काय होतं? खोत म्हणजे गावाचं सरकारच. सारा तोच वसूल करणार, पिकातला वाटा तोच ठरवणार, वेठीला तोच बोलावणार, आणि कागदही त्याच्याच घरात. कुळाने कबुलायतीवर अंगठा उठवायचा. वर काय लिहिलंय ते विचारायचं नाही. अंगठा तेव्हाही होताच, हे लक्षात घ्या. पण त्या व्यवस्थेला एक चेहरा होता. खोताचं घर कुठे आहे हे गावाला माहीत होतं.

अलिबागजवळच्या चरी गावात 1933 च्या ऑक्टोबरात शेतकऱ्यांनी संप केला. नारायण नागू पाटील पुढारी, आणि संपात 25 गावं. करायचं काय, तर काहीच नाही. जमिनीत नांगर घालायचा नाही. पेरायचं नाही, लावायचं नाही, कापायचं नाही. खोताची जमीन खोताला लखलाभ. एक पावसाळा गेला, दुसरा गेला, असे सहा पावसाळे गेले. भात पिकवणाऱ्या माणसाच्या दारात भात नाही, ही काय अवस्था असेल? लोकांनी लाकूडफाटा विकला, मोलमजुरी केली, खाडीतलं मिळेल ते खाल्लं. 1937 मध्ये बाबासाहेब आंबेडकरांनी मुंबई कायदेमंडळात खोती रद्द करण्याचं विधेयक मांडलं. संप 1939 पर्यंत चालला आणि कुळाला कुळ म्हणून कायद्यात जागा मिळायला त्याने सरकारला भाग पाडलं. खोती मोडणारा कायदा झाला तो स्वातंत्र्यानंतर.

तगून राहणं म्हणजे काय, हे मला पुतण्याच्या कादंबऱ्यांपेक्षा चरीकडून जास्त कळतं. त्या कादंबऱ्यांत तगतो तो एकटा. चपळ, नेमबाज, सतरा वर्षांचा. चरीत तगले ते म्हातारे, लेकुरवाळ्या, लंगडे, भित्रे, सगळे मिळून, आणि तेही सहा वर्षं रिकाम्या शेतांकडे बघत. एखाद्या रात्री एखाद्याने गुपचूप नांगर काढला असता तर सगळं फसलं असतं. प्रत्येक घराने शेजारच्या घराकडे लक्ष ठेवलं असणार, आणि ते लक्ष जाचकच वाटलं असणार. कोणी कादंबरीकार या सहा वर्षांतल्या फक्त चौथ्या पावसाळ्यावर लिहील तर मी पहिली प्रत विकत घेईन. पहिल्या वर्षीचा जोश ओसरलाय, जिंकण्याचं नाव नाही, पोरं विचारतायत की आपण कधी लावणी करायची. खरी गोष्ट तिथे आहे.

तसंच शिरोड्याचं. 1882 च्या कायद्याने मिठावर सरकारचा ताबा बसला होता. समोर समुद्र, पायाखाली मिठागर, आणि मूठभर मीठ उचललं तर गुन्हा. एखाद्या विज्ञानकथेत हे घातलं असतं तर संपादकाने ताणलंय म्हणून परत पाठवलं असतं. मे 1930 मध्ये शिरोड्याच्या मिठागरांवर सत्याग्रह झाला, अप्पासाहेब पटवर्धनांसारखी माणसं त्यात होती, लोकांनी मीठ उचललं आणि लाठ्या खाल्ल्या. आता यात मला दिसणारी गोष्ट जराशी कडू आहे. त्या सरकारने लोकांना मारलं, पकडलं, तुरुंगात घातलं. पण तेवढ्यासाठी तरी त्याला लोकांसमोर येऊन उभं राहावं लागलं. गुन्हेगार म्हणून का होईना, ते तुम्हाला ओळखत होतं. तुमच्यावर खटला भरायचा तर तुमचं नाव लिहावं लागत होतं.

नाटकाचंही तेच. खाडिलकरांचं 'कीचकवध' 1907 मध्ये रंगभूमीवर आलं, कीचकात लोकांना कर्झन दिसला, आणि 1910 मध्ये सरकारने बंदी घातली. बंदी वाईटच. पण ती घालायला सरकारला नाटक समजून घ्यावं लागलं. आमच्या दशावतारी मंडळींना हा त्रास नव्हता. संहिताच नसते तर जप्त काय करणार? नट उभ्या जागी संवाद रचतात. राजे-महाराजे छापील मराठीत बोलतात आणि संकासुर मात्र मालवणीत, काळ्या कपड्यात, लाल जीभ लोंबवत, गावच्या सरपंचापासून दिल्लीपर्यंत कोणाचीही टर उडवत. मी लहान असताना एका जत्रेत संकासुराने पुढे बसलेल्या एका बड्या साहेबांना विचारलं होतं, "वेद चोरलंय तर इष्णू मारता, आणि रस्तो चोरलो तो हय पुढे बसलोसा?" साहेब हसले. हसण्यावाचून इलाज नव्हता, सगळा मांड बघत होता.

आणीबाणीत, 1975 च्या डिसेंबरात, कऱ्हाडच्या साहित्य संमेलनात अध्यक्षपदावरून दुर्गाबाई भागवत बोलल्या, तेव्हा केंद्रातले मंत्री यशवंतराव चव्हाण स्वागताध्यक्ष म्हणून मांडवातच होते. पुढे दुर्गाबाईंना अटक झाली. दोन्ही गोष्टी मी मुद्दाम एकत्र लिहितोय.

आता माझ्या डब्याकडे येतो. 1909 मध्ये ई. एम. फॉर्स्टरने एक दीर्घकथा लिहिली, 'द मशीन स्टॉप्स'. माणसं जमिनीखाली एकेका खोलीत राहतात, एकमेकांशी पडद्यावर बोलतात, आणि सगळं एक यंत्र पुरवतं. तिच्यात हुकूमशहा नाही, की कोणाला चाबकाने मारतही नाहीत. यंत्र बिघडायला लागतं, संगीत खरखरतं, तर लोक दुरुस्तीच्या समितीकडे तक्रार करतात. समिती म्हणते, तक्रार योग्य वेळी पुढे पाठवली जाईल. मग लोकांना खरखरीचीच सवय होते. वीज नुकती कुठे घराघरांत शिरत होती त्या काळात या माणसाला 'आपली तक्रार नोंदवली गेली आहे' हे वाक्य ऐकू आलं होतं. सर्वज्ञ डोळ्याच्या सगळ्या कादंबऱ्या मी या एका समितीवरून ओवाळून टाकीन.

इथे पुतण्या मला अडवतो, आणि बरोबर अडवतो. "काका, तुमचं पोट या डब्यावरच चालतं की." चालतं. आणि आधी काय होतं तेही मी पाहिलंय. सातबाऱ्यासाठी तालुक्याला दोन खेपा, साहेब नाहीत, साहेब आहेत पण शिक्का नाही, शिक्का आहे पण चहापाणी झालेलं नाही. जातीवरून, आडनावावरून, कोणाच्या वाडीतला आहेस यावरून कागद अडवणारा माणूस खिडकीपलीकडे बसलेला असायचा. आता पाच मिनिटांत सातबारा हातात मिळतो आणि यंत्र आडनाव बघून तोंड वाकडं करत नाही. ज्याला समोरच्या माणसाने पिढ्यान्‌पिढ्या हाकलून दिलं, त्याला 'समोर माणूस हवा' हे माझं तत्त्वज्ञान ऐकवणं सोपं नाही. आमच्या गिऱ्हाइकांतल्या एका बाईने मला हे तोंडावर सुनावलंय, आणि तिला द्यायला माझ्यापाशी पुरतं उत्तर नाही.

समुद्रावरची गोष्ट तर आणखी गुंतागुंतीची. 1993 मध्ये श्रीवर्धनजवळच्या शेखाडीला स्फोटकं उतरली. 2008 मध्ये मुंबईवरचे हल्लेखोर मच्छीमार बोट बळकावून आले. त्यानंतर किनाऱ्यावर ओळखपत्रं आली, बायोमेट्रिक कार्डं आली, बोटींची तपासणी वाढली. दर्यावर जाऊन पोट भरणारा माणूस स्वतःच्याच पाण्यात संशयित झाला. हे त्याला आवडलं का? नाही. पण आमच्याकडे पारंपरिक मच्छीमाराला विचारा, तुझा शत्रू कोण? तो सरकारचं नाव दुसरं घेईल. पहिलं नाव रात्री एलईडीचे लखलखीत दिवे लावून मासळी गोळा करणाऱ्या बोटींचं. ती मासेमारी 2017 पासून बंद आहे, कागदावर. म्हणून 2025 च्या जानेवारीत राज्याच्या मत्स्य खात्याने किनाऱ्यावर ड्रोन उडवायला सुरुवात केली तेव्हा किनाऱ्यावरून जाळं ओढणारे कितीतरी रापणकार खूश झाले. वरून बघणारा सरकारी डोळा त्यांना हवा होता. गरिबाला नजर नको असते आणि श्रीमंतावर ठेवायला हवी असते, असं म्हणून मी मोकळा झालो असतो, पण ड्रोनला खाली कोण गरीब आणि कोण श्रीमंत ते दिसत नाही. परवाना दिसतो.

दुसरीकडे बोटींवर आता ट्रान्सपाँडर बसतायत. 2024 च्या ऑगस्टमध्ये पालघरला त्या योजनेची सुरुवात झाली, देशभरात एक लाख बोटींवर बसवायचा बेत आहे. हे यंत्र उपग्रहातून चालतं, मोबाईलची रेंज संपते तिथेही. बोट कुठे आहे हे किनाऱ्यावर कळतं, म्हणजे नजर आलीच. पण तांडेलाला, म्हणजे बोटीच्या म्होरक्याला, त्यातून उलट संदेशही पाठवता येतो. 2009 च्या फयान वादळात ज्यांच्या घरचे परत आले नाहीत, त्यांच्याशी बोलताना खासगीपणाचा मुद्दा काढायची माझी तरी हिंमत नाही. मी एवढंच बघतो, की एका यंत्राला तोंड आणि कान दोन्ही आहेत, दुसऱ्याला नुसता डोळा. सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने 24 ऑगस्ट 2017 ला खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचं सांगितलं. मोठी गोष्ट झाली. पण काकीला खासगीपणा नकोय. तिला कोणीतरी बघावं, नीट बघावं आणि म्हणावं, होय, ही तीच.

मराठी विज्ञानकथेकडे मी थोडा हक्काने बघतो. मराठी विज्ञान परिषद 1966 ची. तिच्या 1974 च्या स्पर्धेत जयंत नारळीकरांनी नारायण विनायक जगताप या नावाने 'कृष्णविवर' पाठवली, आद्याक्षरं उलटी करून, म्हणजे परीक्षकांनी मोठं नाव बघून बक्षीस देऊ नये. मला ही हकिकत फार आवडते: ओळख लपवून निवाडा मागणारा माणूस. नारळीकर 2025 च्या मे महिन्यात गेले. त्यांच्या आणि त्यांच्या पिढीच्या कथांनी आम्हाला आकाश दाखवलं, प्रयोगशाळा दाखवल्या. माझ्या वाचनात आलेल्या अशा कथांत जगाला धोका येतो तो बहुधा बाहेरून, नाहीतर एखाद्या चळलेल्या शास्त्रज्ञाकडून. खिडकीपलीकडून, फॉर्ममधून, यादीतून येणारा धोका फारसा भेटत नाही. आणि आता जे तरुण लिहितात त्यांच्या कथांत माणसांची नावं मराठी असली तरी शहर परकं असतं: काचेचे मनोरे, उडत्या गाड्या, काळ्या गणवेशातले शिपाई. अरे, आपल्याकडचं भविष्य काळ्या गणवेशात कशाला येईल? ते टेबलावर प्लास्टिकचं फूल ठेवून येईल, 'जरा उद्या या, सर्व्हर डाऊन आहे' म्हणत.

मला लिहिता आलं असतं तर मी अशी गोष्ट लिहिली असती. साल 2061. खाडीच्या तोंडाशी एक गाव, अर्धी पुळण समुद्राने खाल्लेली. बोटीचं इंजिन चेहरा दाखवल्याशिवाय चालू होत नाही. राज्य क्रूर नाही, उलट फार काळजीवाहू आहे. वादळ आहे, आज जाऊ नका. मासा कमी आहे, तुमचा दिवस परवा. एका तांडेलाच्या गालावर बांगड्याचं जाळं ओढताना हूक लागून वण पडतो आणि इंजिन त्याला ओळखेनासं होतं. तो तक्रार करायला जातो. 'तक्रारीचा प्रकार निवडा.' यादी उघडते. इंजिन बिघाड, इंधन, हवामान, परवाना संपला, परवाना हरवला. त्याची तक्रार यादीत नाही. पूर्वी अशा यादीच्या तळाशी 'इतर' असायचं. फॉर्म भरणाऱ्या कोणालाही विचारा, त्या 'इतर'वर किती माणसं तगून आहेत. माझ्या गोष्टीतल्या सरकारने ते काढून टाकलंय, कारण 'इतर'खाली लोक वाटेल ते लिहायचे आणि ते वाचायला माणसं ठेवावी लागायची.

मग गाव काय करतं? बंड करत नाही, राजवाडा जाळत नाही. जाळायला राजवाडा आहे कुठे? गाव रापण ओढतं तसं करतं. रापणीच्या दोरीला जो हात लावेल त्याला वाटा, ही आमची जुनी रीत. तसे लोक एकमेकांना चेहरे उसने द्यायला लागतात. आज तू माझ्या बोटीवर येऊन तोंड दाखव, उद्या मी तुझ्या. शेजारणीकडून विरजण मागावं तसं पहाटे दार वाजतं, "गो वहिनी, जरा भावजींचा तोंड दी मगो, इंजिन चालू करूक होया." हळूहळू सगळ्या बोटींच्या नोंदी घोटाळतात. सरकारी पडद्यावर एकच माणूस एका वेळी सात बोटींवर दिसतो, आणि मेलेला एक म्हातारा दर शुक्रवारी सुरमई घेऊन परततो. यंत्राला हे चुकीचं वाटत नाही, कारण प्रत्येक चेहरा जुळतोय. पुढे काय होतं ते मला सुचलेलं नाही. कोणाला सुचलं तर गोष्ट त्याची.

काकीचं काय झालं ते सांगायचं राहिलं. डब्यापुढे तिसऱ्या दिवशीही तेच झालं. ओटीपीचा मार्ग होता, पण नोंदवलेला नंबर मुलाचा, मुंबईतला, आणि तो त्याने दोन वर्षांपूर्वीच बदललेला. मग मी मशीन बंद केलं, फुलस्केप कागद घेतला आणि हाताने अर्ज लिहिला. खाली काकीने शाईच्या पॅडवर अंगठा दाबून उठवला. रेघ एकही नाही. नुसता निळा, वाटोळा डाग. तो कागद घेऊन आम्ही दोघं तालुक्याला गेलो. मी तिला एसटीत बजावलं होतं, काही झालं तरी पोच घेतल्याशिवाय हलायचं नाही.

खिडकीतल्या माणसाने अर्ज वाचला आणि अंगठा उठत नसेल तर मी काय करू म्हणून विचारलं. काकीने बाकडं ओढलं आणि त्याच्यासमोर बसली. पुढची चाळीस मिनिटं मी ऐकत होतो. तिने त्याला त्याच्या गावाचं नाव विचारलं, आईचं माहेर विचारलं, कारखान्यात आपल्याबरोबर कोणकोण होतं ते सांगितलं, दोन्ही हात काचेला टेकवून बोटं दाखवली. तो चिडला, तीही चिडली, मागची रांग चिडली. शेवटी त्याने आवक नोंदवहीत नंबर टाकला, झेरॉक्सवर शिक्का मारला, तारीख घातली आणि सही केली.

पैसे अजून आलेले नाहीत. पोच काकीने प्लास्टिकच्या पिशवीत घालून लाइट बिलांबरोबर खुंटीला लावलीय. सोमवारी परत जायचं ठरलंय. काल संध्याकाळी ती दुकानात डोकावली आणि विचारत होती, "झिला, सोमवारी तो मेलो रजेर तर नसतलो मां?"